पन्नास ग्रॅम

शिरोलीच्या फाउंड्रीत, सँड लॅबमध्ये
पहिल्याच दिवशी मी उलटं बोलले :
दोनशेची चाळण म्हणजे मोठ्या भोकांची ना?
मगदूम साहेब हसले नाहीत.
म्हणाले, एका इंचात किती घरं बसली, त्याचा हा आकडा.
घरं वाढली की खोल्या लहान होणारच.

मग वहीत इंचाला दोनशेनं भागलं.
एकशे सत्तावीस मायक्रॉन. तेही चूक.
भोक पंचाहत्तरचं.
उरलेले बावन्न तारेचे, म्हणाले,
तार पण जागा खाते, तिला कोण धरत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी
भाजून कोरडी केलेली वाळू, पन्नास ग्रॅम.
वर तीसची चाळण, खाली चाळीस, पन्नास, सत्तर,
अशी उतरंड दोनशे सत्तरपर्यंत,
आणि तळाला बिनभोकांचा पॅन.
शेकर पंधरा मिनिटं थरथरतो,
त्याच्याबरोबर टेबल, टेबलावरचा चहा,
खिडकीची सुटलेली काच.

आमच्या उचगावात डंकावर चटणी चाळतात,
वर राहिलं ते पुन्हा कुटतात.
इथं वर राहिलेल्याचंही वजन.
कुणाला परत कुटायचं नाही,
कोण कुठं अडलं एवढंच लिहायचं.
तेही पुरतं खरं नाही :
लांबट दाणा आडवा पडला तर अडतो,
उभा राहिला तर सुटतो.
चाळणीला त्याची उंची कळत नाही.

दस्तगीरचाचा मोल्डिंगला, एकतीस वर्षं.
त्यांनी मूठभर वाळू दाबली, मोडली,
बोटांवरची फुंकली.
'बारीक झालीया गं. दम कोंडतोय तिचा.'
माझा आकडा दुपारी आला : अडुसष्ट.
पाहिजे होता पंचावन्न.
तोवर तेवीस हौसिंग ओतून झाली होती,
फोडली तर आत वायूची भोकं,
जाळीदार, आंबोळीसारखी.
बारीक ते चांगलं, हे पिठापुरतं.

रिपोर्टात शेवटी एक रकाना असतो, लॉस.
सगळ्या चाळण्या, पॅन, ब्रशनं झाडलेलं, सगळं मिळून
एकोणपन्नास पूर्णांक आठ.
चालतंय तेवढं, साहेब म्हणतात,
आणि खरंच चालतं, नियमात बसतं.

गेल्या सोमवारी चाचा सीपीआरमधून आले,
एक्स-रेची फिल्म लॅबच्या खिडकीला लावून उभे राहिले.
मला त्यातलं काय कळणार.
पांढरे ठिपके, वर जास्त, खाली कमी.
'डॉक्टर म्हणतोय पाच मायक्रॉन, त्याहून बी कमी.
तुझ्याकडं हाय का गं एवढी चाळण?'
आमची शेवटची त्रेपन्नची.
मी तसं सांगितलं.
त्यांनी फिल्म गुंडाळली, पुन्हा सरळ केली, पाकिटात घातली.

आज बेरीज एकोणपन्नास पूर्णांक सात आली.
झाकण उघडून पाहिलं, कडा झाडल्या,
टेबल ओल्या फडक्यानं पुसलं,
फडकं उजेडात धरलं.
पुन्हा वजन केलं.
तेवढंच.