पाव किलो काळीज

आमच्या गावाचं नावच दोनदा घ्यावं लागतं.
नुसतं पारे म्हणून हाक मारलीत
तर बंदर वळूनही बघत नाही. पारेपारे म्हणा.

बोलणंही तसंच.
जालान म्हणजे रस्ता.
दोनदा म्हटलं की रस्त्याला कुठे पोचायचं नसतं,
नवी चप्पल घालून धक्क्यापर्यंत नुसतं भटकायचं.
माता म्हणजे डोळा, माता-माता म्हणजे हेर.
समोरची इंदो साके एका डोळ्यानं अधू,
तरी ते काम चोख करायची.

आणि हाती म्हणजे काळीज.
कोंबडीचं, बकरीचं, प्रेमात पडलेल्याचं,
सगळ्यांना एकच शब्द.
दोनदा म्हटलं की काळजाची काळजी होते:
जपून जा.

बाबा पहाटे बर्फाची गाडी काढायचा.
आई दारातून म्हणायची, हाती-हाती,
तांदूळ निवडता निवडता, वर न बघता,
कुणी कडी लावावी तसं.

काकाच्या होडीच्या इंजिनाला बाबानं परस्पर पैसे दिले,
त्या रात्री भांडी फार जोरात घासली गेली.
सकाळी आई दारात आली, सवयीनं.
हाती, म्हणाली.
दुसरं घशात अडकलं
किंवा तिनं गिळलं. विचारलं तर आजही सांगत नाही.
बाबा इंजिन चालू ठेवून क्षणभर थांबला.
मान डोलावली. गेला.

दुपारी आला तो केळीच्या पानात
पाव किलो कोंबडीचं काळीज घेऊन.
"मागितलं होतंस ना?"

आई पुडक्याकडे बघत राहिली.
मग अशी हसली की इंदो साके खिडकीत आली.
हसता हसता रडली की रडता रडता हसली
हे कळायला मी तेव्हा लहान होते.
रात्री लाल मिरचीत परतून आम्ही ते खाल्लं.
पैसे काही परत आले नाहीत.

तेव्हापासून दोघांनी तो शब्द वाटून घेतला.
एक ती म्हणायची, दारातून.
दुसरं तो, गिअर टाकताना.

बाबाला जाऊन आता चार रमजान झाले.
मी मकासरच्या बसला निघते तेव्हा
आई दारात येते, एकदाच म्हणते,
थांबते.
मी गप्प राहते. ते माझं नाही.
एखादी बर्फाची गाडी पाणी गाळत निघून जाते.
मग तीच, आत वळता वळता,
दुसरं म्हणते, हळू,
जरा घोगऱ्या आवाजात.