सूत्री विभाजन

पाणी चार दिवसांनी यायचं, तेही रात्री,
एकला की साडेतीनला, कुणालाच ठाऊक नाही.
म्हणून विडी घरकुलातल्या आमच्या गल्लीनं ते काम आमच्यावर टाकलेलं:
पोरं अशीबी जागीच असत्यात,
नळ फुसफुसला की हाक मारा.

विज्ञान भाग दोनच्या आधीची रात्र.
श्रीवल्लीच्या घराची पायरी, वर लोंबता बल्ब,
पाठ टेकली तर भिंतीत अजून दुपार.
आत तिची आई उद्याच्या हजाराची पानं कातरत बसलेली,
आणि मागच्या कारखान्यात खटक-खटक, खटक-खटक,
तिच्या बाबांची रात्रपाळी.

सिद्रामला सगळं पाठ होतं
आणि काहीच येत नव्हतं.
पूर्वावस्था मध्यावस्था पश्चावस्था अंत्यावस्था,
कंडक्टरनं थांबे सांगावेत तसं म्हणायचा,
मधल्या थांब्यावर काय आहे विचारलं
की गप्प.

"तुर्कतंतू म्हंजे काय बे?"
मी पुस्तकातलं वाचून दाखवलं.
पुन्हा वाचलं.
तिसऱ्यांदा वाचताना माझंच मला कळेना झालं.

श्रीवल्ली उठून आत गेली.
कांडीवरचं लाल सूत घेऊन आली,
आईच्या कात्रीनं त्याचे बोटभर तुकडे केले,
दोन-दोन तुकड्यांना मधोमध एकेक गाठ.
"हे गुणसूत्र. गुण राहू दे, सूत्र बघ.
सूतच आहे की.
आन् तुर्क म्हंजे चाती.
दोन टोकं, मधे ताण.
ताण नसला तर नुसता गुंता, बाबांना विचार."

सिद्रामनं गाठ चिमटीत धरली.
पहिल्यांदाच त्यानं पुस्तक मिटलं.
"पण ती मधोमध रांगेत का येत्यात?"

नळ फुसफुसला.

पाणी! पाणी आलं!
दारं उघडली, कळशा, घागरी, रंगाचे रिकामे डबे,
झोपेतली माणसं, उलटे घातलेले सदरे,
गल्लीच्या बरोब्बर मधे रांग.
नाझनीन कमरेवर घागर घेऊन तिथूनच ओरडली,
"सिद्राम, ही बघ मध्यावस्था!
आता भरलं की अर्धे तिकडच्या टोकाला, अर्धे इकडच्या.
पश्चावस्थेत ती केळ्याच्या घडासारखी दिसतात,
पुस्तकात लिवलंय,
ही ओळ बागवानाच्या पोरीला कशी विसरंल?"
कुणीतरी म्हणालं, काय बोलायलीय ही मध्यरात्री.

मग वृक्क झाले, वायुकोश झाले,
उत्परिवर्तनाशी आम्ही पेंगलो.
आतून आई तेलुगूत काहीतरी म्हणाली, निजा म्हणाली असणार,
सिद्राम कन्नडमधून हो म्हणाला,
आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात
सूत्री विभाजन आलंच नाही.
आलं आपत्ती व्यवस्थापन, आली गाळलेली जागा,
आली एक आकृती जी कुणीच काढून बघितली नव्हती.

दोन वाजताच्या उन्हात फाटकाबाहेर सिद्राम उभा,
हातात कंपासपेटी, चेहरा असा
की कुणीतरी पाकीट मारलंय.
"आलंच नाही बे," म्हणाला.
मार्कांचं दुःख आम्हाला ठाऊक होतं,
हे तसलं नव्हतं.
अख्ख्या वर्षात एक गोष्ट त्याला कळली होती
आणि ती त्याला कुणी विचारलीच नाही.

नाझनीननं चौघांत तीन ग्लास रस सांगितला,
पैसे तेवढेच होते.
मग श्रीवल्ली टेबलावर कोपर ठेवून म्हणाली,
"सांग की मग. तुर्कतंतू म्हंजे काय?"

त्यानं कंपासपेटी उघडली.
लाल सुताचे तुकडे होते तिथं, गाठींसकट,
कर्कटकाच्या खाली जपून ठेवलेले.
रसानं चिकट झालेल्या पत्र्यावर तो ते मांडायला लागला,
हळूहळू, पहिल्यापासून.
घुंगरू वाजत होते चरकाचे,
माश्या बसत होत्या,
अंत्यावस्थेपर्यंत येता येता बर्फ विरघळून गेला,
आणि आम्हा तिघींपैकी एकीनंही म्हटलं नाही
की हे आम्हाला येतंय.