उघाडी

नयनाचा हात हवेत थांबला
अकरा वाजून सात मिनिटांनी.
अंगठा ओठांकडे निघालेला, पोचलाच नाही.
पडद्यावर मुंब्र्याची इरफाना, वय नऊ, जन्मापासून बहिरी,
त्या अर्ध्या हाताकडे बघत राहिली.
बोलणाऱ्यांचं बरं असतं. चित्र अडकलं तरी
आवाज येतो, तुटक का होईना.
इथे हात गोठला की वाक्यच गोठतं.
इरफानाला 'पाणी' पोचलं नाही, 'गप्प' पोचलं.

बाहेरच्या खोलीत माझा बाप
मोठ्या टीव्हीवर कुस्त्या बघत होता,
मल्लाच्या कानावरची लव दिसावी इतक्या स्वच्छ.
दोष त्याचा नव्हता. एकाच वायरीतून
त्याचे पैलवान आणि तिची बोटं येत होती,
आणि पैलवान कुणाला वाट देतात?

महापेच्या डेटा सेंटरात रात्रपाळीला
मी परक्या कंपन्यांची रहदारी वेगळी करतो.
घरी मात्र सगळं एकाच टोपात.
शनिवारी राउटर खाली उतरवला,
पिन टोचून त्याला मागचं सगळं विसरायला लावलं,
दोन नावं दिली: एक 'काम', एक 'करमणूक'.
टीव्ही पलीकडे, बाकीचं घर अलीकडे,
मधे नियम.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसला.
"काय करतंस?"
म्हटलं, दोन प्रकारचं पाणी आहे,
एकातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही.
"मंग बांध बोल ना.
खारं पानी येगलं, गोरं पानी येगलं."
आणि टेबलावर बोटाने रेघ ओढली,
आमच्या जुन्या खाचरांच्या वळणाची,
जिथे आता सेक्टर एकोणीस आहे.
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन
तो बांधावर खेकड्यांची बिळं शोधत फिरायचा.
एक राहिलं की वर्षाचं भात खारट.
मीही बिळंच शोधतो. मला पगार मिळतो.

सोमवारी नयनाचे हात एकदाही अडले नाहीत.
मंगळवारी बाबाच्या फोनला टीव्ही सापडेना.
नातीच्या बारशाचा व्हिडिओ लावायचा होता, शेजारी जमलेले.
मधे एक भिंतसुद्धा नाही, आणि फोन म्हणतो,
जवळपास कोणतंही उपकरण नाही.
"बांध घातलास," बाबा म्हणाला,
"उघारी कुठं ठेवलीस?"

उघाडी. बांधातलं लाकडी दार.
ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं,
भरतीला आपल्या आपण मिटतं.
मी तासभर बसून जे नियमात लिहिलं,
इकडून हाक गेली तर तिकडून ओ यावी,
तिकडून आगंतुक कुणी येऊ नये,
ते माझा आजा एका फळीत लिहायचा.

राहिलं वाटप. लाइन शंभराची, उपकरणं आठ,
दारावरचा कॅमेरा धरून.
सरळ समान भाग केले. टीव्हीसमोर आकडा उमटला
१२.५
आणि तो बाबाने वाचला.

पंखा तेवढा चालू होता.
या आकड्यापायी आमच्या गावठाणात
सख्खे भाऊ कोर्टाच्या पायरीवर भेटलेत.
जमीन सगळी गेली, साडेबारा टक्के परत यायची होती;
किती चपला झिजल्या, किती शिक्के उमटले,
शेवटी प्लॉट कुणाच्या नावावर चढला,
ते मला अर्धंच ठाऊक आहे. बाबा सांगत नाही.

आकडा पुसला. चाळीस घातले.
"आता चाळीस, बाबा."
"कागदावर लिवून दे."
हसत होता की नाही, टीव्हीच्या उजेडात कळलं नाही.

विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं:
श्री. गोमाजी धाया मढवी यांस, चाळीस.
तारीख घातली, सही केली.
त्याने नयनाला हाक मारून साक्षीदार म्हणून तिचीही घेतली,
फुंकर मारून शाई वाळवली
आणि कागद टीव्हीखालच्या खणात ठेवला,
सातबाऱ्याच्या पिशवीत.