अशीच

फ्रायबुर्गला झाडांवर पिवळा चौकोन असतो,
एका टोकावर उभा, तळहाताएवढा.
तो दिसेपर्यंत चालायचं. दिसला की पुढचा.
खांबावर लिहिलेलं असतं: माथा, दोन तास वीस मिनिटं,
आणि खरंच तेवढीच लागतात.
पहिल्या रविवारी वाटलं, या जंगलाने
परीक्षेचा अभ्यास आधीच करून ठेवलाय.

वाटेत कुणी विचारत नाही कशाला आलीस.
"हालो" म्हणतात, श्वास वाचवतात.

जानेवारीत घरी आले, सतरा दिवसांसाठी.
चौथ्या दिवशी तेच बूट घातले,
तळव्याच्या खाचांत तिकडची करडी माती तशीच.
बाटली, दोन घावणे, टोपी,
आणि कुणकेश्वरहून निघाले तांबळडेगला,
सड्यावरून.
आई म्हणाली, एसटी आहे ना साडेनऊची.

सड्यावर झाडच नाही, चौकोन कुठे रंगवणार?
काताळ, काताळ, आणि गवत
वाऱ्याने एकाच कुशीवर निजवलेलं.
उजवीकडे खाली समुद्र, डावीकडे मोहरलेली कलमं,
मध्येच चिरेखाण, तळाशी गेल्या पावसाचं हिरवं पाणी,
त्यात कुणाची तरी चप्पल.

पहिला प्रश्न तिथेच, ट्रकमधून:
"गाडी बंद पडली काय?"
दुसरा, कलमांत फवारणी करणाऱ्याचा,
पंप थांबवून, मुद्दाम:
"कोणाकडे?"
"कोणाकडे नाय. अशीच."
"अशीच म्हंजे?"

औषधाचा वास आम्हा दोघांत उभा राहिला.
तिकडे याला एक साधं क्रियापद आहे,
दीड वर्ष मी ते न अडखळता वापरते.
इथलं शोधत गेले तर सापडलं
गुरांमागचं चालणं, नवसाचं चालणं,
तर चुकल्यावरचं, रुसून निघाल्यावरचं.
प्रत्येकाला शेवटी कुणाचं तरी दार.

कातवणच्या उतारावर रतन मुणगेकरीण
खळ्यात कुळीथ झोडत होती.
तिने विचारलंच नाही. माझे बूट बघितले,
मग माझी दिशा.
"तांबळडेगाक चल्लंस मां? थांब."
आत बराच वेळ डबे वाजले.
पिशवीत पिठी, निळ्या झाकणाच्या डब्यात,
आणि कागदात गुंडाळलेली
चष्म्याची एक काडी.
"वच्छीची. माझी भयण. चतुर्थीक हय मोडली, हयच रवली.
तेव्हापासून कानाक दोरो बांधून वाचता.
देवळामागसून तिसरा घर, भायर होडी उपडी घातलली."

तिथून पुढे डबा पाठीत टोचत राहिला.
काडी खिशात होती,
दर पन्नास पावलांनी मी चाचपत होते.
समुद्राकडे बघायचं राहूनच गेलं बराच वेळ.
तिसऱ्या माणसाने विचारलं, कोणाकडे,
मी म्हटलं, "वच्छी कोयंड्यांकडे,"
आणि तो लगेच बाजूला झाला,
कोयत्याने वाट दाखवत:
"खालसून जा. वयर कुत्रे आसत."

होडी होती. वच्छीही होती,
कानाला खरंच दोरा, निळा, जाळ्याचा.
काडी हातात घेतली, लावून बघितली.
"खिळो खंय?"
मी कागद उलगडला, झटकला, पिशवी उलटी केली.
खिळा नव्हता.
ती हसायला लागली. "रतन ती रतनच,"
म्हणाली, आणि काडी देवाच्या फळीवर ठेवली.

पाणी दिलं. बूट काढायला लावले, पाय बघितले,
टाचेवरच्या फोडाला खोबरेल लावलं.
"येवढ्यासाठी चलत इलंस?"
मी हो म्हणाले.
मला वाटतं, ते खोटं नव्हतं.

रिकामा डबा परत धाडायचा नसतो.
तिने त्यात सुके बांगडे भरले, झाकण बसेना,
वरून दोरा बांधला, तोच निळा.
"रतनाक दी. आणि खिळो घेवन ये."

पाचची एसटी. खिडकीतून सडा उलटा जाताना
मला माझीच वाट ओळखू येईना.
"खंय उतरतलंस?" कंडक्टर.
"कातवण."
तिकीट फाडता फाडता तो थांबला, नाक वळवलं.
"त्या डब्याखाली पेपर घाल गो.
सगळ्या गाडीक वास येता."