बॉबीनचं माप

बॉबीनच्या कमरेचं माप साडेअठरा इंच.
मागच्या संक्रांतीला सोळा होतं.
गोळीनं भूक वाढेल, डॉक्टर बिडवे म्हणाले होते,
तहान वाढेल, पुढचं मग ओघानंच येईल.
ओघानंच आलं.

चाळीस वर्षं मी उदगिरात मापं घेतली,
लग्नाच्या सफाऱ्या, शाळेच्या चड्ड्या,
एका मयताचा सदरासुद्धा, रातोरात.
पण कुत्रीला लंगोट शिवायचा
तर शेपटीचं भोक कुठं पाडावं
हे मापाच्या वहीत कुठंच नाही.
पहिला सरकला. दुसरा तिनं फाडला.
तिसऱ्याला आतून कस्तुराच्या जुन्या लुगड्याचं अस्तर,
बाहेरून छत्रीचं कापड, बगलेला नाडी.
टिकला.

खाज गेली, हे खरं.
पाठीवरचं उघडं कातडं भरून आलं
मऊ, पिवळट केसांनी,
दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याचे उसने आणल्यासारखे.
रात्रभर करकर खाजवणारी
आता गाढ झोपते.
झोपेतच ओलं होतं.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही हे आपलं म्हणून.
उठून हुंगलं, माझ्याकडं बघितलं,
अन् मशीनच्या पायडलामागं जाऊन
भिंतीकडं तोंड करून बसली.
तेरा वर्षांत उंबऱ्याच्या आत थेंब सांडला नव्हता तिनं.
मी म्हणालो, बॉबे, काय नाही गं.
अन् फडकं आणलं.

लघवी तपासायची म्हणाले, बाटलीत आणा.
आता ती काय सांगून करते का?
वरणाची पळी घेऊन गल्लीभर तिच्या मागं फिरलो.
पोरं हसली. पळी नवी घ्यावी लागली.

नळ आठवड्यातून एकदा येतो
अन् ही दिवसाला पाच तांबे पिते.
शहनाजबी ओट्यावरून मोजते,
"कुत्ती नै जी मास्तर, टाकी है टाकी,"
अन् स्वतःच्या घागरीतनं ओतते.
कस्तुरा म्हणाली, पाणीच कमी ठेवा की.
एक दुपार ठेवलं.
तिनं जर्मनच्या थाळीचा कोरडा तळ चाटला,
मग इस्त्रीला शिंपडायच्या वाटीत तोंड घातलं.
तसं परत केलं नाही.

मग गोळीच अर्धी केली, कात्रीनं, कुणाला न विचारता.
तीन दिवस लंगोट कोरडा.
चौथ्या दिवशी मांडी चावून चावून लालभडक.
डॉक्टर तापले,
"असं एकदम तोडायचं नसतं, मास्तर. कापड आहे का ते?"
आता त्यांनीच हळूहळू उतरवून दिवसाआड केलीय.
थोडी खाज, थोडी ओल.
दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच सोडल्यागत.

मलाही रात्री चारदा उठावं लागतं.
दिवाळीच्या आधी अहमदपूरच्या पुढं
एसटी थांबवा म्हणायला मला उशीर झाला.
उतरताना पिशवी पुढं धरली.
कस्तुरा बहिणीकडनं यायच्या आत पायजमा धुतला,
अंधारात वाळत घातला.
कुणाला बोललो नाही.
बॉबीननं तेवढं हुंगलं,
अन् माझ्या पायापाशी येऊन पडली,
फडकं काही तिला आणता येत नव्हतं.

तीनच्या सुमाराला ती पंजानं खाट खरडते.
मी कडी काढतो, लंगोट सोडतो,
टेप असायचा तिथं, खांद्यावर टाकतो.
खांबाचा दिवा अर्धा मेलेला.
नालीच्या कडेला ती मागचे पाय थरथरत बसते,
मी दोन हात पलीकडं उभा.
तिचं आधी होतं.
माझं सुरू व्हायलाच वेळ लागतो.
ती घरात जात नाही,
तिथंच उभी राहते,
दुसरीकडं बघत.