भार दिल्यावर

म्हसावदच्या वर रस्ता असा वळतो
की मागच्या सीटवरची डिस्टिल्ड वॉटरची कॅन
प्रत्येक वळणाला दुसऱ्या दाराशी जाऊन बसते.
सावऱ्यापाण्याच्या उपकेंद्रात पोचायला दुपार झाली.
सिस्टर ठगीबाई वळवी पायरीवरूनच म्हणाल्या,
दिवसा काही नसतं हो त्याला.
रात्री आठला इन्व्हर्टर रडायला लागतो.

दिवसा काही नसतंच.
उन्हात पॅनल सगळ्यांची लाज राखतं.

चार बॅटऱ्या, दोन दोनच्या दोन माळा.
टोकांवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली.
गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश.
एवढ्यावर भागेल असं वाटलं मला,
खरं सांगायचं तर एवढ्यावरच भागावं असं वाटलं,
कारण उतरणीला अंधार व्हायच्या आत घाट संपवायचा होता.
नाही भागलं.

मग माळा सोडल्या, एकेक सुटी केली,
तासभर कुणाला हात लावला नाही.
मीटर म्हणाला बारा सहा, बारा सहा, बारा पाच, बारा दोन.
बसल्या जागी चौघींचं बरं चाललेलं.
पिशवीतून हेडलाइटचे दोन बल्ब काढले,
चिमटे लावले, घड्याळ बघत राहिलो.
तिघींनी मान जराशी खाली घातली आणि सांभाळली.
चौथी अकरा,
दहा आठ,
दहा,
नऊ सहा.
बल्ब आधी पिवळे झाले, मग विड्यांसारखे.

बुचं उघडली. बाराशे चाळीस, बाराशे तीस,
आणि चौथीच्या तिसऱ्या घरात
काचेचा तरंग उभा राहीचना,
तळाला जाऊन टेकला.
माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली,
यान्हामा पानी कोन टाकस रे भो?

वेरता पावरा दाराआडून पुढे आला.
शिपाई, झाडूवाला, रात्रीचा राखणदार, सगळं तोच.
पावसाळ्यानंतर बाटल्या तीनच आल्या होत्या, म्हणाला.
तिघींना पुरल्या.
हिच्यासाठी झिऱ्याचं आणलं,
पण कच्चं नाही घातलं साहेब,
उकळलं, फडक्यानं गाळलं, निवू दिलं.
बाळंतिणीला देतो तसं.

उकळून क्षार जात नाही, उलट दाटतो,
हे मी त्याला सांगायला तोंड उघडलं
आणि ठगीबाईंकडे बघून मिटलं.
नंतर सांगितलं, चहा घेताना, बेताबेताने.

जोडीतली एक गेली की दुसरीला काम नाही,
ती कितीही धडधाकट असो.
म्हणजे उरली एकच माळ.
लशींचा फ्रिज की दिवे, मी विचारलं.
फ्रिज, ठगीबाई म्हणाल्या, एवढ्या पटकन
की प्रश्नाचीच मला लाज वाटली.

तिसरी बॅटरी भिंतीशी एकटी उभी होती.
वेरताच्या अंगणात एक जुनं पॅनल आडवं पडलेलं,
पडलेल्या रस्त्यावरच्या दिव्याचं,
त्याच्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली.
त्याने ती टोपलीत भरली, पॅनल पदरासारखं झटकलं,
काचेला गोडूस चिकटा तेवढा राहिला.
धूळ पुसून मोजलं, एकोणीस व्होल्ट,
खाली टेकणाऱ्या उन्हातसुद्धा.
माझ्या खोक्यात एक बिनमालकाचा कंट्रोलर होता.
एक बॅटरी, एक पॅनल, नऊ वॉटचा एक दिवा,
बाळंतपणाच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर वर.

घाट राहिलाच.
आठ वाजेपर्यंत थांबलो.
आठ पाच. आठ दहा.
इन्व्हर्टर गप्प. फ्रिजची घरघर तेवढी.
ठगीबाईंनी नवा दिवा लावला, विझवला, परत लावला
आणि टेबलावरची चादर उगाचच सरळ केली.

कॅन वेरताकडे ठेवली.
तिच्यावर पेनाने रेघ मारून दिली,
इथवर आली की फोन कर, माझा नाही लागला तर परत कर.
तो म्हणाला, आणि झिऱ्याचं?
झिऱ्याचं तू पी.

चौथीला आम्ही दोघांनी उचलून मागे घातलं.
शहाद्याला शिशाच्या भावाने जाईल.
अंधारात सगळी वळणं उतरलो,
ती जागची हलली नाही.