दोनशे चौदा

आधी साबणाचं पाणी. मग अक्षर.
मग पट्टीनं मधून कडेला
हवा ढकलत न्यायची.
बावीस वर्षं एवढंच.

रोलाजवळ दुकान होतं तेव्हा ब्रशनं लिहायचो,
टायर, मासळी, शिलाई.
एका पाटीला तीन दिवस,
आणि पाटी मालकाच्या पश्चातही टिकायची.
त्या गाळ्यात आता कडक चहा मिळतो,
बाहेर डिलिव्हरीच्या मोटारसायकली, भाडं दुप्पट.

शारजाच्या ह्या टोकाला टेक झोन.
वाळूत सात इमारती, एक तळं,
तळ्यात पाणी टँकरचं.
दारं सगळी काचेची, लायसन सगळी वर्षाची.

दोनशे चौदामध्ये आधी
ड्रोननं खजुरीचा रोग ओळखणारे होते.
मग खाऱ्या पाण्यावर टोमॅटो पिकवणारी दोन पोरं.
मग आणखी कोणी; ते काय करायचे
हे गेटवरच्या टेकबहादूरलाही कळलं नाही.
झुलेखा हुर्जूक तिघांनाही डबे द्यायची. म्हणते,
कंपनी बुडते रे परकार, भूक नाही बुडत.
(टोमॅटोवाल्यांचे चाळीस डबे
अजून तिच्या वहीत आहेत. माझं बिलही.)

नाव काढायला हेअर ड्रायर, नवं ब्लेड.
नाव निघतं,
पण काच सभोवती उन्हानं उतरलेली असते,
अक्षराखालची तेवढी कोरी.
तिरकं पाहिलं की वाचता येतं.

मार्चमध्ये चौथी आली. रीम, सुदानची,
माझ्या धाकटीच्या वयाची.
विचारलं, धंदा काय?
म्हणाली, पाट्या.
दुकानदार फोनवर अक्षर निवडणार,
यंत्र कापणार, दुसऱ्या दिवशी दारात.

मी पाणी मारत राहिलो.

ती तिथंच उभी. थोड्या वेळानं म्हणाली,
चाचा, बुडबुडे राहत कसे नाहीत तुमचे?
आमच्या यंत्राला सगळं येतं, चिकटवणं सोडून.

आता आठवड्यातून दोन दिवस
अकरा पोरं बसतात माझ्यासमोर,
केरळची, पेशावरची, एक कंपालाचा.
रोजचे अडीचशे दिरहम, वेळेवर.
मधून कडेला, सांगतो. घाई नको.
सगळं सांगतो. हातचं राखून
कुठं नेणार होतो मी?

तिचं नाव लावताना मात्र माप घेतलं.
जुन्या तिघांच्या जरा वर,
सरळ ओळीत.
खाली हातभर जागा सोडली.
तिनं विचारलं, एवढी कशाला?
म्हटलं, नजरेला बरं दिसतं.